इंग्रजी यमकशब्द आणि त्यांचे अर्थ

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत इंग्रजीचा आरंभ बहुधा गाण्याने होतो आणि गाण्यामागोमाग यमकशब्दांची यादी येते. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली जाते. डाव्या अंगास कॅट, बॅट, रॅट, मॅट. उजव्या अंगास मांजर, वटवाघूळ, उंदीर, चटई. मुले ती वहीत उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी एकसुरात म्हणून दाखवतात आणि पाठ पुरा झाला असे समजले जाते. पुढे तपासणीच्या वेळी यादीबाहेरचा 'हॅट' हा शब्द समोर ठेवला की तीच मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यादी पाठ झालेली असते, यमक मात्र कानाला उमगलेले नसते. आणि अर्थ तर त्याहूनही दूर राहिलेला असतो. ज्या मुलाला बॅट म्हणजे काय हे शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक होते, त्याला या यादीने 'वटवाघूळ' शिकवले एवढीच काय ती भर.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचव्या इयत्तेपासून होत असे. इ. स. २००० मध्ये प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय अमलात आला. चिंचवडचे नाट्यगृह ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे मोरे. या निर्णयामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाऐवजी सहा वर्षांचे मूल इंग्रजीसमोर उभे राहिले. दहा वर्षांचे मूल यादी पाठ करून वेळ मारून नेऊ शकते. सहा वर्षांच्या मुलाला अजून मराठी अक्षरओळखही पुरती झालेली नसते. त्याच्यापाशी भांडवल असते ते कानाचे आणि घरात-रस्त्यात ऐकलेल्या शब्दांचे. यमकाचा पाठ याच भांडवलावर उभारला पाहिजे.

हे भांडवल किती मोठे असते, याचे उदाहरण म्हणून पवनेच्या काठची, पिंपरीच्या पलीकडची काळेवाडी घेता येईल. काळेवाडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तथापि मुळशी, मावळ व खेड तालुक्यांत कारखान्यांच्या छायेत असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांची स्थिती तिच्याहून निराळी नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत यंत्रांची वस्ती पसरत गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या भागांतून आलेली कामगार कुटुंबे येथील चाळींतून व लहान घरांतून नांदतात. त्यांच्या घरात इंग्रजी कोणी बोलत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो खरा मानण्याचे कारण नाही. शिफ्ट, गेट, पास, नट, बोल्ट, टूल, पिन, बेल्ट, ड्रिल, चक, जॉब, शॉप, ट्रक, टन हे शब्द त्या घरात रोज जेवणाच्या ताटाशी उच्चारले जातात. मूल ते ऐकत वाढते. शाळेत मात्र त्याला सांगितले जाते की, तुला इंग्रजी मुळीच येत नाही, कॅट-बॅटपासून आरंभ कर. मग काही पालक पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात; कारण शेजारचे मूल गाणी घडाघडा म्हणते. ते गाणे त्या मुलालाही कळलेले नसते, ही गोष्ट निराळी.

आता यमक म्हणजे काय, याचा विचार करू. मराठी मुलाचा कान याबाबतीत कोरा नसतो. देहू आणि आळंदी येथून हाकेच्या अंतरावर आहेत. आषाढी वारीची पालखी याच रस्त्याने जाते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा मोकळा सुटतो. मोठ्या अभंगात दुसरा व तिसरा चरण जुळतो. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ही जुळणी चुकलेली कळते. परंतु आपले यमक आणि इंग्रजी यमक यांत एक भेद आहे व तो शिक्षकाने आधी स्वतः समजून घेतला पाहिजे. संस्कृत अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा येणे, मात्र अर्थ निराळा असणे. वामनपंडितांना या हौसेमुळेच 'यमक्या वामन' म्हटले गेले आणि मोरोपंतांनी तर आर्येत या खेळाची परिसीमा केली. इंग्रजीत अशा पूर्ण सारख्या शब्दांना चांगले यमक मानत नाहीत. सूर्य या अर्थाचा 'सन' आणि मुलगा या अर्थाचा 'सन' हे दोन शब्द कानाला अगदी एकच आहेत. म्हणून त्यांचे यमक होत नाही. 'सन' आणि 'रन' यांचे होते. आरंभीचा ध्वनी निराळा हवा आणि त्यापुढील स्वरापासून शेवटपर्यंत सारे एक हवे, असा तिकडचा दंडक आहे.

'तो स्वर कोणता' हा प्रश्न दोन अवयवांच्या शब्दांत उभा राहतो. हेल्पर, फिटर, वेल्डर हे तीनही शब्द 'र'ने संपतात, म्हणून मराठी कानाला ते जुळल्यासारखे वाटतात. इंग्रजी कानाला ते जुळत नाहीत. कारण त्या शब्दांत जोर पहिल्या अवयवावर आहे आणि जुळणी जेथे जोर पडतो त्या स्वरापासून मोजावयाची असते. या हिशेबाने टर्नरचे यमक बर्नर आणि लर्नर यांच्याशी, फिटरचे सिटर आणि बिटर यांच्याशी. पहिली-दुसरीच्या वर्गात हे सांगत बसू नये. तेथे एक अवयवाचेच शब्द घ्यावेत. चौथीत मात्र हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात आणि त्या वेळी शिक्षकापाशी उत्तर असावे.

याहून मोठी अडचण आपल्या लिपीतून निर्माण होते, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वर्गात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून देण्याची पद्धत आहे. सोयीसाठी ती समजण्यासारखी आहे. यमकाच्या पाठात ती घातक ठरते. 'गेट, सेट, नेट, लेट, प्लेट, वेट' ही ओळ फळ्यावर लिहिली तर सगळे शब्द एकाच माळेचे दिसतात. वस्तुतः येथे दोन माळा एकमेकींत गुंतल्या आहेत. मिळवणे या अर्थाचा 'गेट', जाळे या अर्थाचा 'नेट', ओला या अर्थाचा 'वेट' आणि करू देणे या अर्थाचा 'लेट' यांत आखूड ए आहे. कारखान्याचे 'गेट', जेवणाची 'प्लेट', उशीर या अर्थाचा 'लेट' आणि थांबणे या अर्थाचा 'वेट' यांत लांब ए आहे. लिहिण्याचा 'पेन' आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात तो दुखणे या अर्थाचा 'पेन', परीक्षेची 'टेस्ट' आणि जिभेची 'टेस्ट', विकणे या अर्थाचा 'सेल' आणि दुकानावर पाटी लागते तो 'सेल', या साऱ्या जोड्या अशाच. मराठीत ए एकच असल्यामुळे लिपीने त्याला एकच मात्रा दिली. तो लिपीचा दोष नव्हे. पण इंग्रजी शब्दांना ती मात्रा पुरत नाही.

येथे काळेवाडीसारख्या मिश्र वस्तीच्या वर्गात एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी आहे. कन्नड व तेलुगू या भाषांत आखूड ए व लांब ए, तसेच आखूड ओ व लांब ओ, हे निरनिराळे स्वर आहेत. त्यांना लिपीतही निराळी अक्षरे आहेत. कलबुर्गी किंवा विजापूरकडून आलेल्या ज्या मुलाच्या घरी कन्नड बोलली जाते, त्याच्या कानाला हा भेद आईच्या बोलण्यातूनच झालेला असतो. मराठीच्या तासाला लिंगाची, प्रत्ययाची चूक करणारे आणि म्हणून मागच्या बाकावर गेलेले हे मूल दोन 'गेट' वेगळे ओळखण्यात वर्गाच्या पुढे असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याला पुढे बोलवावे, शब्द उच्चारावयास लावावेत, आणि इतरांनी त्याचे ऐकून आखूड-लांब ठरवावे. हिंदी भाषक घरातील मुलाची गोष्ट थोडी निराळी. ते 'बैट', 'बैंक' असे लिहिते, कारण हिंदीत ऐकार या ध्वनीजवळ जातो. मराठीने त्यासाठी अर्धचंद्राची खूण घेतली आणि 'बॅट', 'बँक' लिहिले. त्या मुलाचे लेखन तांबड्या शाईने खोडण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

इकार-उकारांची कथाही अशीच आहे. मराठी लेखनात अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार व उकार सामान्यतः दीर्घ लिहितात आणि विभक्ती लागताच ते ऱ्हस्व होतात: फूल–फुलाला, मूल–मुलाला, पीठ–पिठाला. ऱ्हस्व-दीर्घ बदलले तरी शब्द तोच राहतो, हा मुलाचा रोजचा अनुभव. संस्कृतातून आलेल्या दिन-दीन यांसारख्या थोड्या जोड्या सोडल्या तर ऱ्हस्व-दीर्घावरून अर्थ पालटण्याचा प्रसंग त्याला विरळा. इंग्रजीत मात्र 'फिल' म्हणजे भरणे आणि 'फील' म्हणजे वाटणे. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. 'फुल' म्हणजे भरलेला आणि 'फूल' म्हणजे मूर्ख. म्हणून ड्रिल, ग्रिल, मिल, बिल ही एक माळ आणि व्हील, स्टील, मील ही दुसरी. टूल, स्कूल, पूल यांच्यात दारावर लिहिलेला 'पुल' बसत नाही. तो ओढा असे सांगणारा शब्द आहे आणि त्याचा सोबती म्हणजे 'फुल'. हा बारकावा निव्वळ पुस्तकी नव्हे. पुढे कामावर जाणाऱ्या मुलाला दारावरची, यंत्रावरची पाटी वाचता आली पाहिजे.

उच्चाराच्या शुद्धतेचा मात्र अतिरेक करू नये. इंग्रज माणसाचा 'ट' आपल्या 'ट'सारखा नाही, तो जीभ दातांच्या मुळाशी टेकवून निघतो. तरी आपल्या मुलांनी आपला 'ट' वापरला तर काहीही बिघडत नाही, कारण त्याने अर्थ पालटत नाही आणि यमकही मोडत नाही. जेथे अर्थ पालटतो तेथेच काटेकोर राहावे.

शब्दलेखनाचा प्रश्न यानंतरचा. यमक कानाचे असते, डोळ्याचे नव्हे. आणि इंग्रजीत कान व डोळा यांचे पुष्कळदा पटत नाही. रन, सन (सूर्य), बन, गन, फन या शब्दांच्या शेवटी यू-एन ही अक्षरे येतात. येथवर सारे सरळ आहे. पण एक या अर्थाचा 'वन' आणि झाले या अर्थाचा 'डन' हे ओ-एन-ई अशा अक्षरांनी संपतात. मुलगा या अर्थाचा 'सन' आणि मालमोटारीवर लिहिलेला 'टन' ओ-एन या अक्षरांनी. लिहिण्यात तीन तऱ्हा, कानाला एकच माळ. उलट बोन, फोन, स्टोन हे ओ-एन-ई असेच संपतात आणि 'डन'शी जुळत नाहीत. 'गॉन' तर तिसऱ्याच वाटेने जातो. 'कट' आणि 'पुट' यांची शेवटची दोन अक्षरे तीच, उच्चार वेगळे. विद्यार्थ्याने 'असे का' म्हणून विचारले, तर इंग्रजी भाषाच विचित्र आहे असे सांगून त्याला गप्प करू नये. इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला. छापण्यामुळे शब्दांची अक्षरे हळूहळू पक्की होत गेली, आणि त्याच सुमारास व पुढील दोन-तीन शतकांत लोकांच्या तोंडातले स्वर पालटत राहिले. तोंड पुढे गेले, कागद मागे राहिला, असे मोघम उत्तर चौथीच्या मुलाला समजते आणि पटतेही.

आता अर्थांकडे वळू. यमकाने जुळलेल्या शब्दांत अर्थाचे नाते नसते. 'डक'चा 'ट्रक'शी संबंध ध्वनीपुरताच. म्हणून अर्थांची उभी यादी मुलाच्या मनात कशालाच धरून राहत नाही, ती विस्कटते. अर्थ टिकतो तो वस्तूला, कृतीला किंवा वाक्याला धरून. आणि येथेच घरच्या शब्दांचे मोल कळते. 'जॉब' या शब्दापुढे यादीत 'नोकरी' असे लिहिलेले असते. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी जॉब म्हणजे जो तुकडा यंत्रावर कातावयाचा आहे तो. ज्याचे वडील अशा यंत्रापाशी उभे असतात ते मूल वर्गात 'जॉब म्हणजे लोखंड' असे सांगते आणि सारा वर्ग हसतो. ते मूल चुकलेले नसते. इंग्रजी यंत्रशाळेतही त्या शब्दाचा तो अर्थ रूढ आहे. दोन्ही अर्थ फळ्यावर मानाने लिहावेत. 'शॉप' म्हणजे दुकान, तसेच कारखान्याचा विभाग. 'चक' म्हणजे जॉब घट्ट पकडून धरणारा यंत्राचा पंजा. 'डाय' म्हणजे मरणे, पण प्रेसवर काम करणाऱ्याच्या घरी पत्र्याला आकार देणारा साचा, आणि निराळ्या लेखनाने रंग. 'नट' म्हणजे बोल्टचा सोबती. मराठीत नाटकातला पुरुष. असा गोंधळ निघाला तर तो मुद्दाम पिकवावा. 'टाय'ला यमक सांगा म्हटल्यावर एखादे मूल 'गाय' असे उत्तर देते. हे उत्तर चूक ठरवणे हा अन्याय होय. त्याच्या कानाने आपले काम चोख केले. भाषा कोणती, एवढेच आता सांगावयाचे राहिले.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात माहीत असावा. ध्वनी ओळखण्यात मागे असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी गट पाडले आणि दोन वर्षे काम केले. एका गटाला चित्रांवरून सारख्या ध्वनीचे शब्द निवडावयास शिकवले. दुसऱ्या गटाला तेच शिकवून जोडीला प्लॅस्टिकची अक्षरे हाताळावयास दिली. तिसऱ्याने तीच चित्रे अर्थावरून वेगळी केली: प्राणी एकीकडे, वस्तू दुसरीकडे. चौथ्याला काहीच निराळे शिकवले नाही. ध्वनी आणि अक्षरे यांची सांगड घालणारा दुसरा गट वाचनात व शब्दलेखनात स्पष्टपणे पुढे गेला. केवळ अर्थावरून चित्रे लावणाऱ्या गटाला ते साधले नाही. यावरून अर्थ अनावश्यक ठरतो असे मात्र समजू नये. ती इंग्रजी घरची मुले होती. 'हेन' म्हणजे काय हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. आपल्या मुलांना अर्थही द्यावा लागतो. तो उभ्या रेघेच्या उजवीकडे देऊन भागत नाही, एवढाच या विवेचनाचा आशय.

प्रत्यक्ष पाठ कसा घ्यावा? दुसरीच्या वर्गासाठी 'चक, डक, लक, ट्रक' ही माळ उत्तम. चारही शब्दांच्या शेवटी यू-सी-के हीच अक्षरे असल्याने अपवादाची भीती नाही. आरंभी वह्या व पुस्तके मिटलेली असावीत आणि फळाही कोरा असावा. शिक्षकाने 'ट्रक, डक, पिन' असे तीन शब्द सावकाश उच्चारावेत व परका शब्द कोणता ते मुलांनी सांगावे. अशी आठ-दहा त्रिके झाल्यावर मुलांकडून नवे शब्द मागवावेत. काही मुले 'गक', 'नक' असे निरर्थक शब्द सांगतील. ते आनंदाने ऐकून घ्यावेत, कारण जुळणी समजल्याचा तो पुरावा आहे. मात्र फळ्यावर जागा मिळेल ती अर्थ असलेल्या शब्दालाच. त्यानंतर यू-सी-के ही पुठ्ठ्याची अक्षरे फळ्याच्या कडेवर पक्की ठेवून पुढचे अक्षर पालटत जावे. एकेका मुलाने येऊन अक्षर लावावे व शब्द वाचावा. शेवटी अर्थ. ट्रक दाराबाहेरून जात असतोच. डकचे चित्र काढता येते. लक या शब्दासाठी एखादा प्रसंग सांगावा. चक कोणाच्या वडिलांना ठाऊक आहे ते विचारावे. मग 'द डक इज इन द ट्रक' यासारखे वाक्य मुलांनीच बनवावे. वाक्य हास्यास्पद झाले तर उत्तमच, ते अधिक दिवस लक्षात राहते. एका तासाला एकच माळ पुरे. मिश्र माळा, म्हणजे वन-सन-टन किंवा दोन प्रकारचे गेट, तिसरीच्या उत्तरार्धात याव्यात. आणि त्या वेळी शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहावेत, देवनागरीचा आधार त्या तासापुरता तरी काढून घ्यावा.

मूल्यमापन तोंडी असावे. पाठ झालेली माळ म्हणून घेण्यात अर्थ नाही. न शिकवलेला शब्द देऊन तो कोणत्या माळेत बसतो हे विचारावे, आणि मग तो शब्द वाक्यात घालून मागावा. लेखी चाचणीत जोड्या लावा हा प्रश्न यमकासाठी देऊ नये, कारण मुले शेवटच्या अक्षरांवरून डोळ्याने जोड्या लावतात आणि कानाची परीक्षा होतच नाही.

गृहपाठ एकच असावा: घरी वडिलांच्या, आईच्या किंवा शेजाऱ्याच्या कामातला एक इंग्रजी शब्द विचारून आणणे आणि तो कामावर कोणत्या अर्थाने बोलतात ते सांगणे. आलेले शब्द वर्गाच्या भिंतीवर माळांनी लावावेत. काही शब्दांना माळ मिळणार नाही. पगाराच्या गोष्टींत 'मंथ' हा शब्द हमखास येईल. महिना या अर्थाच्या या शब्दाला इंग्रजीत पुरते जुळणारे यमक नाही. संत्र्याच्या 'ऑरेंज'चीही तीच अवस्था आहे. मुले त्यांना जोडीदार शोधत राहतील. त्यांना शोधू द्यावे, आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात अशा एकट्या शब्दांसाठी निराळी जागा राखून ठेवावी.